विसरलेले बल : अभियांत्रिकी यांत्रिकीची प्रस्तावना

पदविका असो वा पदवी, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी ज्या विषयांची धास्ती घेतलेली असते, त्यांत मेकॅनिक्सचे नाव हमखास असते. ‘मेकॅनिक्सला केटी लागली’ हे वाक्य नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात कानावर पडते. या धास्तीचे कारण शोधायला गेले की एक कोडे समोर येते. रसायनशास्त्रात अभिक्रियांची भली मोठी जंत्री लक्षात ठेवावी लागते; यांत्रिकीचा सगळा डोलारा मात्र मोजून सहा विधानांवर उभा आहे. न्यूटनचे गतीविषयक तीन नियम, त्याचाच गुरुत्वाकर्षणाचा नियम, दोन बलांची बेरीज कशी करायची ते सांगणारा समांतरभुज चौकोनाचा नियम, आणि बल आपल्या क्रियारेषेवर पुढेमागे सरकवले तरी दृढ पिंडावरचा त्याचा बाह्य परिणाम बदलत नाही हे बलसंक्रमणाचे तत्त्व. मूळ संकल्पना तर चारच : अवकाश, काल, वस्तुमान आणि बल. हे सारे एका पानावर मावते आणि त्यातले निम्मेअधिक शाळेतच शिकून झालेले असते. मग एवढ्या थोड्या भांडवलाचा विषय इतका जड का जातो?

माझ्या मते याचे कारण असे की, नियम माहीत असणे आणि समोरच्या वस्तूवर कोणकोणती बले काम करत आहेत हे ओळखता येणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण परीक्षा पहिलीची घेतो आणि काम दुसरीशी पडते. स्थिर वस्तूवरच्या सगळ्या बलांची बेरीज शून्य असते, एवढे नियम सांगतो. ‘सगळ्या’ म्हणजे कोणत्या, हे तो सांगत नाही. ते आपण ठरवायचे असते. त्यासाठी वस्तू तिच्या परिसरातून मनाने सोडवून घ्यायची, जिथे जिथे ती दुसऱ्या कशाला टेकली, बांधली किंवा जोडली होती तिथे तिथे त्या दुसऱ्या वस्तूऐवजी तिचे बल बाणाने दाखवायचे, शेवटी तिचे वजन दाखवायचे, आणि मगच समीकरणाला हात घालायचा. या रेखाटनाला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याला दोन पाने मिळतात, वर्गात अर्धा तास. पुढची सगळी सूत्रे मात्र त्याच्याच आधाराने उभी असतात. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : यांत्रिकीत चूक होते ती बहुधा नियम चुकल्याने होत नाही, एखादे बल मोजणीतून सुटल्याने होते. म्हणून हा विषय शिकणे म्हणजे एकही बल विसरू नये अशी नजर कमावणे.

अशी नजर कमावायला नाशिकसारखे गाव शोधून सापडणार नाही. विश्वेश्वरय्यांनी आपली नोकरी १८८४ मध्ये इथेच, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून सुरू केली. दिंडोरी रस्त्यावरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली ‘मेरी’, १९५९ पासून धरणांच्या आणि बांधकामाच्या प्रश्नांवर काम करते आहे. ओझरला विमाने बनतात, सातपूर-अंबडला मोटारींचे सुटे भाग. पण पहिले उदाहरण घ्यायला कारखान्यात शिरण्याची गरज नाही. द्राक्षबागेचा मांडव पुरेसा आहे. दोन खांबांमध्ये तार ओढलेली आहे आणि तिच्या मधोमध १० किलोचा भार लटकतो आहे असे समजा. भार दहा किलोचा, तार दोन बाजूंनी धरते, तेव्हा प्रत्येक बाजूला पाच किलोचा ताण असेल, असे बहुतेकांना वाटते. तार जिथे भार धरते तो बिंदू वेगळा काढून पाहा. खाली ओढणारे १० किलो, आणि दोन्हीकडे तिरकस वर जाणारे दोन ताण. तार आडव्याशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूचा ताण १० किलो येतो. ती जास्त ओढून झोळ कमी केला आणि कोन ५ अंशांवर आणला, तर ताण ५७ किलोंवर जातो. एका अंशावर तो २८६ किलो होतो. तार पूर्ण सरळ करून तिच्यावर भार टांगणे कोणत्याही ताकदीने शक्य नाही, कारण आडव्या ताणाला उभा घटकच नसतो. हाच ताण कडेच्या खांबाला आत ओढत असतो. म्हणून त्या खांबाला बाहेरून तिरकी तार देऊन ती जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात. घडांनी लगडलेला मांडव अवकाळी पावसात आणि वाऱ्यात आडवा होतो तेव्हा दोष सहसा तारेच्या जाडीला दिला जातो. कडेच्या खांबाचे आणि त्या पुरलेल्या दगडाचे चित्र वेगळे काढून पाहणारा माणूस तिथे आधी दगड किती खोल आहे ते विचारील.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दलचा जुना घोळही अशाच चित्राने सुटतो. बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी पुढे जाते कशी? उत्तर असे की ही दोन बले एकाच पिंडावर नाहीत, म्हणून त्यांची वजाबाकी करता येत नाही. गाडी वेगळी काढा : पुढे बैलाची ओढ, मागे चाकांचा विरोध, पहिली जास्त असेल तर गाडी निघते. बैल वेगळा काढा : मागे गाडीची ओढ, आणि पुढे जमिनीने त्याच्या खुरांवर दिलेला रेटा. बैलाला पुढे नेते ती जमीन. हे उत्तर ऐकायला सोपे आहे, पण त्याचा खरा अर्थ कसारा घाटात कळतो. मुंबईहून नाशिककडे येणारा लोहमार्ग १८६५ मध्ये हाच घाट, म्हणजे थळ घाट, चढून इगतपुरीला पोहोचला. या घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर मार्ग एक मीटर वर चढतो. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण १,२०० टनांची गाडी आणि १२० टनांचे इंजिन या उतारावर ठेवले, तर त्यांच्या वजनाचा उतारालगतचा घटक १,३२० भागिले ३७, म्हणजे ३५ टनांहून जास्त होतो, आणि तो सतत गाडी मागे ओढत असतो. इंजिनाला पुढे नेणारे बल एकच : रुळाने चाकांवर दिलेले घर्षण. घर्षणगुणांक पाव धरला तर १२० टनांच्या इंजिनाला ते जास्तीत जास्त ३० टन मिळेल. म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती दुप्पट केली तरी उपयोग शून्य. चाके जागच्या जागी फिरतील. पावसाळ्यात रूळ ओले झाले की परिस्थिती आणखी बिघडते, आणि म्हणून इंजिनात चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते. म्हणूनच कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. त्यांच्या शक्तीइतकेच त्यांचे वजनही तिथे कामी येते.

आता बँकर मागे का जोडायचे, पुढे का नाही, असा प्रश्न उरतो, आणि इथे सहा विधानांतले शेवटचे तत्त्व कसाला लागते. बल त्याच्या क्रियारेषेवर सरकवता येते, असे ते सांगते. गाडी संपूर्ण एक पिंड मानली तर पुढून ओढणे आणि मागून ढकलणे सारखेच. गाडीच्या त्वरणात फरक पडणार नाही. पण पहिला डबा आणि इंजिन यांच्यामधला कपलर कापून मागचा भाग वेगळा काढला, तर चित्र पालटते. सगळी इंजिने पुढे असताना अख्ख्या गाडीचे उतारावरचे ओझे त्या एका कपलरमधून जाते. बँकर मागून ढकलतो तेव्हा मागच्या काही डब्यांचे ओझे तो घेतो आणि कपलरवरचा ताण तेवढा उतरतो. शिवाय कपलर तुटलाच तर सुटलेले डबे उतारावरून पळत सुटत नाहीत. म्हणजे बलसंक्रमणाचे तत्त्व बाह्य परिणामांपुरते खरे आहे, पिंडाच्या आतल्या बलांना ते लागू नाही. ही अट पुस्तकात तळटीपेसारखी येते आणि वाचताना डोळ्यांखालून निसटते. कोणता पिंड वेगळा काढायचा हे आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर ठरते, हा धडा मात्र या अटीतच आहे.

गोदेच्या पुराचे उदाहरण मला याहूनही महत्त्वाचे वाटते, कारण तिथे विसरलेल्या बलाची किंमत माणसाच्या जिवाने चुकती होते. नाशिककर पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून घेतात; पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावर गावभर चर्चा होते. त्याच वेळी घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे धाडस करणारेही असतात. ‘पाण्याला ओढ फारशी नाही’ हा त्यांचा हिशेब असतो. ६० किलो वजनाचा माणूस घेऊ आणि त्याला चित्रात वेगळा काढू. खाली वजन ६० किलो. पाय दगडावर टेकलेले, म्हणून दगडाची वर दिशेने प्रतिक्रिया. वाहत्या पाण्याचा आडवा रेटा, आणि त्याला विरोध करणारे तळव्याखालचे घर्षण. इथे थांबले तर हिशेब असा लागतो : ओल्या, शेवाळलेल्या दगडावर घर्षणगुणांक ०.३ धरला तर घर्षण १८ किलोंपर्यंत मिळेल. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहत असेल, तर कमरेपर्यंतच्या शरीरावर त्याचा रेटा साधारण १४ किलो भरतो. माणूस टिकला. पण चित्रात एक बाण राहून गेला आहे. पाण्यात बुडालेल्या भागावर पाण्याचे प्लावक बल वर ढकलत असते. कमरेपर्यंत शरीराचा साधारण ४० टक्के भाग बुडाला असे धरले, तर हे बल २४ किलो. दगडावर पायांचा दाब आता ३६ किलोच उरला आणि घर्षण ११ किलोंच्या आत आले. चौदा किलोंचा रेटा अकरा किलोंनी अडत नाही, माणूस घसरला. आणि वेग दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे ५५ किलोंच्या घरात जातो. पट्टीचा पोहणाराही पायरीवरून एका क्षणात उचलला जातो तो याच कारणाने. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक थोडे बदलतील. पण एक बाण विसरल्यावर उत्तर थोडेसे चुकत नाही, पार उलटते, हे त्यांवरून स्पष्ट दिसते.

हीच चूक एके काळी नामवंत अभियंत्यांनी धरणांच्या बाबतीत केली. धरणामागे पाणी ३० मीटर खोल असेल तर लांबीच्या दर मीटरवर त्याचा आडवा रेटा ४५० टन येतो. मागचा जलाशय एक किलोमीटर लांब असो की वीस, या आकड्यात फरक पडत नाही, कारण तो फक्त खोलीवर ठरतो. हा रेटा दगडी धरण आपल्या वजनाच्या जोरावर अडवते. ३० मीटर उंच आणि तळाशी २० मीटर रुंद असा त्रिकोणी छेद घेतला, तर दर मीटरला वजन ७२० टन भरते. पायाशी घर्षणगुणांक ०.७ धरला तर ५०४ टनांचा विरोध मिळतो आणि धरण सुरक्षित वाटते. परंतु पाणी पायाखालच्या फटींतूनही शिरते आणि धरणाला वर उचलू पाहते. मागच्या कडेला पूर्ण दाब आणि पुढच्या कडेला शून्य असे मानले, तर हा उचल दाब दर मीटरला ३०० टन होतो. परिणामी वजन ४२० टनांइतकेच ‘उरते’, विरोध २९४ टन, आणि समोर रेटा ४५०. फ्रान्समधले बूझे येथील दगडी धरण १८९५ मध्ये फुटले आणि ८०हून अधिक माणसे दगावली, तेव्हा सांध्यांत शिरणाऱ्या पाण्याच्या या दाबाकडे अभियंत्यांचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले. आज दगडी आणि काँक्रीटच्या धरणांत आतून भुयारवजा गॅलरी आणि निचऱ्याची छिद्रे ठेवतात, ती हा दाब उतरवण्यासाठी. आपले गंगापूर धरण मातीचे आहे, १९६५ मध्ये पूर्ण झालेले. मातीच्या धरणाचा छेद फार रुंद असतो, त्याचा तोल वेगळ्या रीतीने सांभाळला जातो, पण भरावात शिरलेले पाणी मातीच्या कणांमधला दाब आणि त्यामुळे घर्षण कमी करते, हा प्रश्न तिथेही चुकत नाही. घाटावरचा माणूस, बूझेचे धरण आणि मातीचा भराव यांचे चित्र एकच आहे : खालून वर ढकलणारे पाणी आणि त्यामुळे घटलेले घर्षण. ज्याला हे एकदा दिसले त्याला तीन सूत्रे पाठ करावी लागत नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. सिन्नरचे गोंदेश्वर यादवकाळात उभे राहिले, काळाराम मंदिर पेशवाईत; त्यांच्या कारागिरांनी न्यूटन वाचला नव्हता, फ्री बॉडी डायग्राम काढला नव्हता, तरी त्यांचे काम शतकानुशतके उभे आहे. मग या शास्त्रावाचून अडते कुठे? त्या कारागिरांना यांत्रिकी कळत होती, याबद्दल मला शंका नाही. मंडपातले खांब इतके जवळजवळ का आहेत ते पाहा : दगड दाब उत्तम सोसतो, ताण फारसा सोसत नाही, आणि आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून तुळई आखूड ठेवायची. हे ज्ञान त्यांच्या हातात होते. पण अनुभवाने मिळालेले ज्ञान अनुभवलेल्या मापांपुरतेच हमी देते. १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखवून दिले की वस्तूची सगळी मापे दुप्पट केली तर वजन आठपट होते आणि ते पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच वाढते; लहान प्रतिकृती टिकली म्हणून मोठी टिकेल असे नाही. बुद्धीची उंची इथे कामी येत नाही, हिशेबच लागतो. आपल्या शेजारच्या पाटणादेवीच्या शिलालेखात ज्यांच्या कुळाचा गौरव कोरला आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत पारा भरलेल्या आऱ्यांचे एक स्वयंचलित चाक वर्णिले आहे. असे चाक आपणहून फिरत राहत नाही. एका अंगाला पारा आसापासून लांब असतो, पण दुसऱ्या अंगाला जास्त आऱ्यांचा पारा जवळ असतो. प्रत्येक वजनाला त्याच्या आसापासूनच्या लंबअंतराने गुणून बेरीज केली तर दोन्ही अंगांचे मोमेंट बरोबरीला येतात. एवढ्या थोर गणितज्ञाला जे चाक शक्य वाटले ते आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी का फिरणार नाही हे सांगू शकतो, ही त्या विद्यार्थ्याची थोरवी नाही, पद्धतीची आहे.

आणि मापे बदलल्यावर अनुभव कसा दगा देतो, याचे दुःखद उदाहरण मुंबईतल्या घाटकोपरचे आहे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात तिथला महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. हा फलक १२० बाय १२० फूट होता. बाजू तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे वाऱ्याचा रेटा नऊपट. पण फलक उलथवतो तो रेटा गुणिले उंची. आणि रेट्याचा मध्य तिप्पट उंचीवर गेला असे धरले तर पायाशी येणारा मोमेंट सत्तावीसपट होतो. वारा ताशी ९० किलोमीटर धरला तर एवढ्या फलकावर ढोबळमानाने ५० टनांचा आडवा रेटा येतो. खांब आणि पाया हा रेटा कशाने पेलणार, हा प्रश्न फलकाचे आणि पायाचे वेगवेगळे चित्र काढणाऱ्याला टाळता येत नाही. ‘तिप्पट मोठा’ या शब्दांत सत्तावीसपट धोका दडलेला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. यांत्रिकी ज्या दृढ पिंडाची गोष्ट करते तो जगात नाही. प्रत्येक वस्तू थोडी वाकते, ताणते, दबते. बिंदूवर काम करणारे बल नसते, घर्षणगुणांक स्थिर नसतो, आणि आइन्स्टाइननंतर न्यूटनचे नियमही अंतिम राहिलेले नाहीत. हे सगळे खरे आहे. परंतु घाटातल्या गाडीच्या वेगाला सापेक्षतेची दुरुस्ती इतकी नगण्य असते की कोणतेही उपकरण ती रुळावर मोजणार नाही. दृढ पिंड ही सोय आहे आणि ती कुठे चालते, कुठे नाही हे ठरवणे हा विषयाचाच भाग आहे. खांबांवर टेकलेल्या साध्या तुळईच्या प्रतिक्रिया काढताना तिचे वाकणे सोडून देता येते. ती तुटेल का हे विचारायचे असेल तेव्हा सोडता येत नाही. काय गाळले आहे हे माहीत असून गाळणे आणि लक्षातच न येणे, यांत फार अंतर आहे. घाटावरच्या माणसाच्या चित्रात पाण्याचा भोवरा आपण जाणून गाळला. प्लावक बल गाळले असते तर तो गुन्हा ठरला असता.

आजकाल सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप सॉफ्टवेअरचा. हाताने बाण काढून समीकरणे सोडवायचे दिवस गेले, संगणक क्षणात हजारो सांध्यांचा हिशेब करतो, तर मुलांना त्यात कशाला गुंतवायचे? संगणक समीकरणे सोडवतो. कोणती समीकरणे सोडवायची हे त्याला सांगावे लागते. नॉर्वेतला स्लाइप्नेर-ए हा काँक्रीटचा तेलमंच १९९१ मध्ये बुडाला. संगणकावरच्या विश्लेषणात त्याच्या भिंतींतला कर्तन ताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. पण मला सगळ्यांत बोलके उदाहरण वाटते ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे, आणि ते समजायला सॉफ्टवेअर सोडाच, कॅल्क्युलेटरही लागत नाही. हायट रीजन्सी हॉटेलच्या दालनात चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोन हवाई पूल एकाखाली एक, छतातून लोंबणाऱ्या पोलादी गजांना टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच लांब गज दोन्ही पुलांतून खाली येणार होता आणि प्रत्येक पुलाखाली त्यावर नट बसणार होता. म्हणजे वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त वरच्या पुलाचा भार. बांधताना सोयीसाठी एका गजाचे दोन केले : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. वरवर पाहता काहीच बदलले नाही. भार तेवढाच, गज तेवढेच जाड. पण आता वरच्या पुलाची तुळई वेगळी काढून पाहा. तिच्यावर तिचा स्वतःचा भार तर आहेच, शिवाय खालचा पूल आता तिलाच लोंबतो आहे. तिला धरणाऱ्या नटवरचा भार दुप्पट झाला. १७ जुलै १९८१ रोजी दालनात गर्दी असताना तो सांधा फाटला, दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ सांधाही पुरेसा भक्कम नव्हता, असे चौकशीत आढळले, हे सांगितले पाहिजे. तरी बदल मंजूर करताना कुणी त्या एका तुळईचे चित्र कागदाच्या कोपऱ्यात काढले असते, तर दुसरा बाण लपून राहिला नसता.

संगणक शाखेच्या मुलांना हा विषय कशासाठी, या तक्रारीला मी थोडक्यात उत्तर देतो. जी प्रणाली समजून घ्यायची ती परिसरापासून वेगळी काढणे, तिच्या सीमेवरून आतबाहेर काय जाते ते नोंदणे, आणि एकही नोंद राहू न देणे, ही शिस्त त्यांनाही लागतेच; आणि यंत्रमानवाचा हात किंवा ड्रोन चालवायचा झाला तर बले आणि मोमेंट त्यांच्या दारातही येऊन उभे राहतात. मात्र पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात याच विषयाला किती तास द्यावेत यावर मतभेद असू शकतो, आणि तो मला मान्य आहे. तास कमी करायचेच असतील तर अवघड गणिते कमी करा. चित्रे काढण्याचा सराव कमी करू नका.

या पुस्तकात मराठीतून यांत्रिकी मांडली आहे, आणि या मांडणीचे मोल परीक्षेच्या सोयीपलीकडचे आहे. वर्गात इंग्रजीत शिकवले तरी ‘ही तार इकडे ओढते, म्हणून खांब तिकडे कलतो’ हा विचार नाशिक, येवला, सटाण्याचा मुलगा किंवा मुलगी मराठीतच करते. विचार ज्या भाषेत होतो त्याच भाषेत चित्र काढले गेले, तर बाण कमी सुटतात. न्यूटन, ज्यूल, फोर्स, टॉर्क हे शब्द जसेच्या तसे ठेवायला हरकत नाही. कारखान्यात तेच चालतात. एका गोष्टीकडे मात्र काटेकोर लक्ष हवे. वर मी वजन आणि बल किलोंत आणि टनांत सांगितले, कारण सामान्य वाचकाला तेच उमजते. पुढच्या प्रकरणांत किलो हे वस्तुमान आहे आणि बल न्यूटनमध्ये आहे; एक किलोवर पृथ्वीची ओढ ९.८१ न्यूटन. या दोहोंची सरमिसळ केली की उत्तर जवळजवळ दहापटीने चुकते.

प्रकरणे पुढून मागे वाचली तरी चालतील, उदाहरणे निवडून सोडवली तरी चालतील. एकच विनंती आहे. कोणतेही उदाहरण सोडवताना सूत्र शोधण्याआधी कोऱ्या कागदावर वस्तू एकटी काढा, ती जिथे जिथे कशाला तरी लागून होती त्या प्रत्येक जागेवर बोट ठेवा, आणि त्या जागी एक बाण आहे की नाही ते पाहा. पाणी आहे का, वारा आहे का, उतार आहे का, हे स्वतःला विचारा. सगळे बाण काढून झाल्याची खात्री पटेपर्यंत समीकरण लिहू नका.